शिक्षकांची शाळा आणि आजीची भाषा

गेल्या आषाढांत आमची भाची सहकुटुंब अमेरिकेहून महिनाभर घरीं आली होती. दिव्यांच्या अवसेचा दिवस. स्वयंपाकघरांत कणकेचे दिवे उकडत होते आणि आमच्या अक्का, म्हणजे भाचीची आई, नऊ वर्षांच्या नातवाला जवळ बसवून अवसेची कहाणी सांगत होत्या. सुनेनें घरांतला पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला, येथवर कहाणी आली तोंच नातू म्हणाला, "आजी, खाल्लं सुनेनं, मग नांव उंदरांचं कां घेतलं?" उच्चार थोडा परका होता, पण शब्द स्वच्छ मराठी होते. अक्कांनीं पिठाचे हात तसेच ठेवून खांद्यावरच्या पदराला डोळे टेकले.

त्या अश्रूंचें कारण आम्हां घरच्या मंडळींस ठाऊक होतें. तीन वर्षांपूर्वीं हाच मुलगा आला होता तेव्हां आजी आणि नातू यांच्यांत एक वाक्यही सरळ बोललें गेलें नव्हतें. अक्का विचारीत, "जेवलास का बाळ?" आणि तो आईच्या तोंडाकडे पाही. आईनें इंग्रजींत सांगितलें म्हणजे मान हलवी. दुभाष्यावांचून आजीला नातवाशीं बोलतां येऊं नये, याहून भरल्या घरांत दुसरें दैन्य तें कोणतें? त्यांना निरोप देऊन परत आल्यावर अक्का एवढेंच म्हणाल्या, "अरे, त्याच्या लेखीं मी फोटोंतली बाई आहे."

मधल्या तीन वर्षांत हा पालट झाला तो मुलाला कोणी मराठीचा शिक्षक ठेवल्यामुळें नव्हे. त्याच्या आईला एका अभ्यासवर्गास जावें लागलें. आणि तो वर्गही मराठीचा नव्हता, तर इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शाळेंत कसें शिकवावें याचा होता. ती हकीकत आम्हीं भाचीच्या तोंडून सविस्तर ऐकली. ज्या घरांतील मुलें परदेशीं आहेत त्यांना आणि ज्यांचीं नातवंडें येथेंच इंग्रजी शाळेंत जातात त्यांनाही तिचा उपयोग होईल असें वाटल्यावरून ती येथें सांगतों.

एक सल्ला आणि त्याचें फळ

भाची फ्लोरिडा संस्थानांतील एका शाळेंत गणित शिकविते. मुलगा पांच वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या घरीं मराठीच बोलली जाई. तो शाळेंत जाऊं लागला आणि पहिले तीन महिने वर्गांत त्यानें तोंड म्हणून उघडलें नाहीं. तेथील एका बाईंनीं आईबापांना बोलावून सांगितलें कीं, दोन भाषांमुळें मुलाचा गोंधळ होत आहे, तेव्हां घरीं इंग्रजीच बोलत जा. सांगणारीचा हेतु चांगला होता. ऐकणारीं दोघेंही शिकलेलीं, मुलाच्या हिताविषयीं दक्ष. त्यांनीं त्याच दिवसापासून घरची भाषा बदलली.

वर्षभरांत मुलगा इंग्रजी बोलूं लागला हें खरें. त्याच वर्षांत घरांतून मराठी गेली हेंही तितकेंच खरें. आठवड्यांतून एकदां अक्कांशीं होणारें बोलणें 'कसा आहेस?' आणि 'गुड' एवढ्यावर आलें. लहान मुलाची भाषा ही अंगणांतल्या तुळशीसारखी असते. पाणी तोडलें कीं ती वाळावयास फार दिवस लागत नाहींत.

समान पुस्तक म्हणजे समान शिक्षण नव्हे

अमेरिकेंत अशीं मुलें थोडीं नाहींत. २०२१ सालीं तेथील सार्वजनिक शाळांत इंग्रजी अद्याप शिकत असलेलीं सुमारें ५३ लक्ष मुलें होतीं. म्हणजे दर दहा मुलांमागें एकाहून किंचित् अधिक. त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश मुलांची घरची भाषा स्पॅनिश. बाकीच्यांत अरबी, चिनी, व्हिएतनामी इत्यादि कितीतरी भाषा येतात. आपल्या मराठी घरांतील मुलें त्या मानानें मूठभर.

या मुलांचें काय करावें हा प्रश्न प्रथम ठळकपणें पुढें आला तो सान फ्रान्सिस्को शहरांत. तेथें इंग्रजी न समजणाऱ्या सुमारें २,८०० चिनी मुलांपैकीं सुमारें १,००० मुलांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे. उरलेलीं १,८०० नुसतीं वर्गांत बसून राहत. त्यांच्या पालकांनीं दाद मागितली. शाळाखात्याचें म्हणणें असें कीं, पुस्तकें तींच, शिक्षक तेच, बांक तेच, मग अन्याय कसला? १९७४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें 'लाऊ विरुद्ध निकल्स' या खटल्यांत निकाल दिला कीं, ज्याला भाषाच समजत नाहीं त्याच्यापुढें तेंच पुस्तक ठेवणें ही समानता नव्हे. मात्र उपाय कोणता करावा हें न्यायालयानें सांगितलें नाहीं. तो शोधण्याचें काम शाळांवर, आणि शेवटीं अर्थात् वर्गांत उभ्या असलेल्या शिक्षकावर आलें.

फ्लोरिडांत पालकांच्या व नागरिकांच्या संघटनांनीं सरकारविरुद्ध फिर्याद केली आणि १९९० सालीं उभयपक्षीं तडजोड होऊन न्यायालयापुढें करार झाला. त्या करारान्वयें, ज्यांच्या वर्गांत असें एकही मूल आहे त्या शिक्षकांना अभ्यासवर्ग सक्तीचे झाले. मुलांना इंग्रजी भाषा शिकविणारांस ३०० तास. गणित, शास्त्र व समाजविषय शिकविणारांस ६० तास. चित्रकला, व्यायाम इत्यादि विषयांच्या शिक्षकांस १८ तास. आमच्या भाचीवर ६० तास आले ते यामुळें.

"मामा, खरं सांगूं का," ती म्हणाली, "पहिल्या दिवशीं मी कुरकुरतच गेलें. मी गणिताची बाई, भाषेशीं माझा काय संबंध, असं मला वाटत होतं."

हंगेरियन भाषेंतील धडा

त्या पहिल्या दिवसाचें वर्णन तिच्याकडून ऐकण्यासारखें आहे. पंचवीस-तीस पदवीधर शिक्षक बसले होते. शिकविणाऱ्या बाई आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करतां त्यांनीं हंगेरियन भाषेंत धडा सुरू केला. कागद वाटले, कांहीं तरी सांगितलें, एकाला प्रश्न विचारला. तो गप्प. तोच प्रश्न मोठ्यानें विचारला. तो गप्पच. मग बाईंनीं कपाळाला आठी घालून दुसऱ्याकडे बोट केलें. दहा मिनिटांत त्या विद्वान् मंडळींची अवस्था पाहण्यासारखी झाली. कोणी पायांकडे पाहूं लागलें, कोणी शेजाऱ्याच्या कागदांत डोकावूं लागलें, एक गृहस्थ उगीचच हंसूं लागले, दुसरे चक्क रागावले. "मला एकदम माझा मुलगा दिसला," भाची सांगत होती. "तीन महिने तो ज्या बांकावर बसला होता त्यावर मी दहा मिनिटं बसलें, आणि मला उठून जावंसं वाटलं."

नंतर बाईंनीं तोच धडा, त्याच भाषेंत, पुन्हां घेतला. पण या वेळीं कागद हातांत धरून मधोमध दुमडला, एक भाग रंगविला, फळ्यावर आंकडा लिहिला, शब्द सावकाश उच्चारला, सर्वांकडून एकदम म्हणवून घेतला, मग दोघादोघांना मिळून तें करावयास लावलें. पुन्हां दुमडला, चार भाग झाले. पंधरा मिनिटांत प्रत्येकाला हंगेरियन भाषेंत 'अर्धा' आणि 'पाव' म्हणतां येऊं लागलें. भाषा तीच, शिकणारे तेच, बदलली ती फक्त रीत. व्याख्यानानें जें दोन तासांत पटलें नसतें तें पाऊण घटकेंत अंगाला झोंबून पटलें.

गणितांतही भाषा असते

पुढील साठ तासांत काय शिकविलें याची यादी देत बसत नाहीं. त्यांतील तीन गोष्टी घरांतल्या वडीलधाऱ्यांनींही ध्यानांत घ्याव्या अशा आहेत.

पहिली गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो नांवाच्या संशोधक बाईंनीं १९७० च्या सुमारास शास्त्राच्या वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून मोजलीं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट सरासरी एक सेकंदच पाहतात असें आढळलें. तेंच तीन सेकंद थांबलें तर उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात आणि एरवीं गप्प बसणारीं मुलेंही बोलूं लागतात. जें मूल परक्या भाषेंतला प्रश्न मनांत फिरवून, उत्तर जुळवून, पुन्हां परक्या भाषेंत बोलूं पाहतें त्याला एक सेकंद काय पुरणार? आपण घरींही मुलाला विचारतों आणि त्याचें उत्तर आपणच देऊन मोकळे होतों.

दुसरी गोष्ट शब्दांची. इंग्रजींत 'टेबल' म्हणजे मेज, पण गणितांत तें कोष्टक. 'ऑड' म्हणजे विचित्र, पण गणितांत तो विषम अंक. आपल्या मराठींत तरी निराळें काय आहे? मुलगा ज्यांत बसतो तोही वर्ग आणि चारांचा सोळा होतो तोही वर्ग. झाडाचें मूळ निराळें, वर्गमूळ निराळें. आकाशांतला घन निराळा, आठ हा दोहोंचा घन निराळा. आपल्याला हें खुपत नाहीं, कारण आपण त्यांत वाढलों. बाहेरून आलेलें मूल मात्र प्रत्येक पावलीं ठेंचाळतें, आणि शिक्षकाला वाटतें कीं याला गणित येत नाहीं.

भाचीच्या वर्गांत व्हेनेझुएलाहून आलेला एक मुलगा होता. भागाकार मांडतांना तो भाजक उजवीकडे लिही आणि साडेतीन हा आंकडा ३.५ असा न लिहितां ३,५ असा लिही. तिनें त्याचीं उदाहरणें चुकीचीं ठरविलीं होतीं. अभ्यासवर्गांत तिला कळलें कीं त्याच्या देशांत हीच मांडणी बरोबर समजतात. तिनें जुन्या वह्या पुन्हां काढून पाहिल्या, तों जवळजवळ सर्व उत्तरें बरोबर होतीं. "त्याला चार महिने मी नापास करीत होतें, मामा," हें सांगतांना ती खालीं पाहत होती.

तिसरी गोष्ट काळाची. टोरोंटो येथील भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनीं दोन प्रकारच्या भाषाज्ञानांत भेद करून दाखविला आहे. खेळाच्या मैदानावरचें, व्यवहारांतलें बोलणें मुलें सुमारें दोन वर्षांत आत्मसात् करतात. पण पुस्तकांतली, युक्तिवादाची, शास्त्रविषयांची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. फाडफाड बोलणारें मूल परीक्षेंत मागें पडलें म्हणजे आपण त्याला आळशी किंवा मंद म्हणतों. वस्तुतः तें अर्ध्या वाटेवर असतें.

एका दिवसाचा वर्ग कां फुकट जातो

अभ्यासवर्ग, ज्यांस हल्लीं कार्यशाळा म्हणतात, ते भरविले म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. ही गोष्टही अमेरिकेंत एकदां न्यायालयासमोर आली. टेक्सासमधील रेमंडव्हिल गांवच्या शाळांत स्पॅनिश भाषिक मुलांसाठीं द्विभाषी वर्ग होते. तेथील पुष्कळ शिक्षकांना स्पॅनिश येत नव्हती म्हणून त्यांना १०० तासांचा अभ्यासक्रम दिला; त्यांत सुमारें ७०० स्पॅनिश शब्द शिकविण्याची योजना होती. १९८१ सालीं 'कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड' या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें स्पष्ट म्हटलें कीं, योजना कागदावर कितीही उत्तम असली तरी ज्या शिक्षकाची स्वतःची भाषेची उणीव भरून निघालेली नाहीं त्याला केवळ वर्ग पुरा केला म्हणून योग्य ठरविणें व्यर्थ आहे. त्याच निकालांत तीन कसोट्या घालून दिल्या: योजनेमागील विचार सयुक्तिक हवा, ती अमलांत आणण्यास माणसें व साधनें पुरेशीं हवींत, आणि कांहीं काळानें तिचें फळ तपासून पाहिलें पाहिजे. या कसोट्या कोणत्याही शाळेला, किंबहुना कोणत्याही संसाराला लावाव्या अशा आहेत.

२००७ सालीं अमेरिकन शिक्षणखात्यासाठीं संशोधकांनीं शिक्षकांच्या अभ्यासवर्गांवरील १,३०० हून अधिक निबंध तपासले. कडक शास्त्रीय निकषांस उतरले ते फक्त नऊ. त्यांवरून दिसलें तें असें कीं, चौदा तासांहून अधिक चाललेल्या वर्गांचा परिणाम मुलांच्या प्रगतींत दिसून आला. पांच ते चौदा तासांच्या वर्गांचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाहीं. एक दिवस मंडपांत बसून, चहा-फराळ करून, प्रमाणपत्र घेऊन परतणारा शिक्षक दुसऱ्या दिवशीं जुनीच रीत कां चालवितो याचें उत्तर यांत आहे. पोहणें ऐकून येत नाहीं, आणि एकदां पाण्यांत उतरूनही येत नाहीं.

भाचीचा वर्ग वर्षभर पसरलेला होता. पंधरवड्यांतून एकदां जमावयाचें, एक युक्ति शिकावयाची, ती आपल्या वर्गांत करून पाहावयाची, सोबतच्या एका शिक्षकानें मागच्या बांकावर बसून ती पाहावयाची, आणि पुढच्या खेपेस काय फसलें तें सर्वांपुढें सांगावयाचें. शिकविणें हा एकट्यानें, दार लोटून करावयाचा धंदा आहे अशी आपली समजूत असते. ती तेथें गळून पडली. तरी सर्वच शिक्षक पालटले असें नाहीं. कांहीं जण तास भरण्यापुरतेच आले आणि तसेच गेले, हेंही तिनें सांगितलें.

आजीची भाषा

वर्षाच्या मध्यावर घरच्या भाषेचा विषय निघाला. शिकविणाऱ्या बाईंनीं विचारलें, "तुमच्यापैकीं किती जणांनीं पालकांना घरीं इंग्रजी बोला असं सांगितलं आहे?" पुष्कळ हात वर झाले. भाचीनें हात वर केला नाहीं, पण नंतर उभी राहून ती म्हणाली, "मी सांगितलं नाहीं. मला सांगितलं होतं."

त्यावर झालेल्या चर्चेचा मथितार्थ असा. दोन भाषांमुळें लहान मुलाची बुद्धि गोंधळते या समजुतीस पुरावा नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय विद्वत्सभांनीं या विषयावर जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला त्यांतही हेंच म्हटलें आहे. घरची भाषा पक्की असणें हें इंग्रजी शिकण्यास अडथळा नसून आधार आहे. कारण कल्पना एकदांच शिकावी लागते, नांवें मात्र अनेक शिकतां येतात. ज्या मुलाला आजीच्या हाताखालीं अर्धी पोळी, पाव वाटी, पाऊण शेर, दीड आणि अडीच हे शब्द कळले आहेत त्याला अपूर्णांक नव्यानें शिकवावा लागत नाहीं. त्याचें इंग्रजी नांव तेवढें सांगावें लागतें. उलट आईबाप स्वतःला न पेलणाऱ्या भाषेंत मुलाशीं बोलूं लागले कीं बोलणेंच आखडतें. 'बस', 'ऊठ', 'जेव' एवढींच वाक्यें उरतात. गोष्ट, थट्टा, समजूत, रुसवा हीं सारीं जातात. आणि भाषा वाढते ती यांवरच.

त्या रात्रीं भाचीनें नवऱ्याशीं बोलून घरची भाषा पुन्हां बदलली. काम सोपें नव्हतें. मुलगा सहा वर्षांचा, त्याला मराठीचा कंटाळा. पहिले कित्येक महिने तो इंग्रजींतच उत्तर देई. हीं दोघें न रागावतां मराठींत बोलत राहत. त्यांच्या शहरीं रविवारीं मराठी शाळा भरते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयानें अमेरिकेंत अशा शाळा पुष्कळ ठिकाणीं चालतात. तेथें तो जाऊं लागला. पण खरी शाळा झाली ती अक्कांची. रोज संध्याकाळीं, म्हणजे त्याच्या सकाळीं, दूरध्वनीवर पंधरा मिनिटें गोष्ट. प्रथम तो नुसता ऐके. पांच-सहा महिन्यांनीं एके दिवशीं अक्कांनीं मुद्दाम गोष्ट चुकविली, तेव्हां पलीकडून आवाज आला, "आजी, असं नाहीं!" अक्का तो दिवस अजून तिथीसकट सांगतात. शाळेंतलें त्याचें इंग्रजी या काळांत मागें पडलें काय? मुळींच नाहीं.

आपल्या घरीं काय?

ही कथा सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें, आणि शहरांतील आपल्या बहुतेक घरांतील नातवंडें तर इंग्रजी माध्यमाच्याच शाळेंत जातात. तेथेंही 'घरीं इंग्रजी बोलत जा' हा सल्ला सर्रास मिळतो, आणि आपणही आज्ञाधारकपणें 'बाळ, वॉटर पी' म्हणूं लागतों. त्या बोलण्यानें मुलाला ना इंग्रजी येतें ना मराठी. इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणणाऱ्या पिढ्यांनीं तें तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर, म्हणजे मराठीचें बोट धरूनच पचविलें, हें आपण विसरलों.

शिक्षकांविषयींही आपली वृत्ति बदलली पाहिजे. २०१६ सालीं महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांनीं मिळून 'तेजस' नांवाचा उपक्रम सुरू केला, त्यांत प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांचे स्थानिक गट करून त्यांनीं वरचेवर जमून एकमेकांपासून शिकावें अशी योजना होती. दिशा हीच खरी. शिक्षक वर्गास गेला म्हणजे आपण 'शाळेचा दिवस बुडाला' म्हणून कुरकुरतों. त्याऐवजीं तेथें काय शिकलांत, वर्गांत काय करून पाहिलेंत, असें आपुलकीनें विचारलें तर त्या एका प्रश्नानेंही त्याला बळ येईल.

घरांतल्या आजीआजोबांचें काम मात्र कोणत्याही अभ्यासवर्गावांचून आज सुरू होऊं शकतें. प्रश्न विचारून तीन सेकंद थांबावें. गोष्ट सांगावी, आणि कधीं कधीं मुद्दाम चुकवावी. आपल्याला इंग्रजी येत नाहीं म्हणून नातवापुढें संकोचूं नये. जें आपल्यापाशीं आहे तें शाळेपाशीं नाहीं.

त्या अवसेच्या संध्याकाळीं दिवे लावून झाल्यावर नातू पुन्हां अक्कांजवळ आला. उंदरांवरचा अन्याय त्याच्या मनांतून गेला नव्हता. अक्कांनीं कहाणी पहिल्यापासून पुन्हां सांगितली.